शाळेच्या दहा संगणकांचे मदरबोर्ड: उन्हाळी सुट्टीतल्या नोंदी

उदगीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची प्रशाला. मी तिथे विज्ञान शिकवतो. आमच्या लॅबमधले दहा संगणक दोन वर्षं चादरीखाली झाकून पडले होते. बघायला आलेल्या कारागिराने दहाही डब्यांवर खडूने 'बोर्ड' एवढंच लिहिलं आणि नवा मदरबोर्ड (संगणकाची मुख्य सर्किटची पाटी) टाकायचे प्रत्येकी ३,२०० रुपये सांगितले. म्हणजे ३२,००० रुपये. तेवढे शाळेकडे नव्हते. सुट्टीत मी स्वतः उघडून बघायचं ठरवलं. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण नाही, फक्त बीएस्सीचं फिजिक्स आणि एक मल्टिमीटर. अशा बंद लॅब आपल्याकडे बऱ्याच शाळांत आहेत. कुणी हात घालणार असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याचे वाचावेत म्हणून रोजचं रोज लिहिलं.

३ मे

सकाळी साडेसहाला सुरुवात. अकरानंतर पत्र्याखाली बसवत नाही, त्यामुळे काम रोज चार-साडेचार तासच होणार. शिपाई मामा सोबतीला. डबे व्हरांड्यात मांडून त्यांवर ऑइल पेंटने १ ते १० आकडे टाकले.

१ ते ७ एकाच खेपेतले: जी४१ चिपसेटचे (बोर्डाचा कारभार बघणाऱ्या मुख्य चिपांचे) बोर्ड, पेंटियम ई५७०० प्रोसेसर, २ जीबी डीडीआर३ रॅम. ८ ते १० नंतर आलेले: एच६१ बोर्ड आणि आय३-२१२० प्रोसेसर.

क्र. ३ च्या मागच्या पंख्यात कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली. क्र. ५ मध्ये उंदराने वह्यांच्या कागदाचं अंथरूण केलेलं. क्र. १ च्या एसएमपीएसमध्ये (डब्यातली वीज पुरवणारी पेटी) वाळून कोळसा झालेली पाल. आणि सगळ्यांत रानातली बारीक काळी धूळ, प्रोसेसरच्या पंख्याखाली तर तिचा नमदाच झाला होता.

एकही स्क्रू काढण्याआधी प्रत्येक बोर्डाचे मोबाईलवर चार फोटो काढा. पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी कुठल्या पिनेवर होत्या हे नंतर काही केल्या आठवत नाही. क्र. ५ चे फोटो राहिले आणि पुढे त्यातच अर्धा तास गेला.

४ मे

आज चूक झाली. धूळ लवकर निघावी म्हणून चार डबे फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात नेले आणि कॉम्प्रेसरच्या हवेने झटकले. धूळ गेली, पण टाकीत साठलेलं पाणी आणि तेल हवेबरोबर बोर्डांवर उडालं. बारीक थेंब नुसत्या डोळ्यांना दिसत होते. चारही बोर्ड सोडवून सावलीत उभे करून ठेवले. दोन दिवस त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं.

बाकीचे सहा रंगाच्या मऊ ब्रशने आणि हवेच्या हातपंपाने साफ केले. वेळ लागला, नुकसान काही झालं नाही. हवा मारताना पंखा पेन्सिलीने अडवून धरायचा. मोकळा फिरू दिला तर तो उलटा जनित्रासारखा वीज तयार करतो आणि ती बोर्डात शिरते.

७ मे

बोर्ड वाळले. तेलाचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढला.

आज फळ्यावर एक साखळी लिहिली. पुढच्या सगळ्या कामाला तिचाच आधार झाला, म्हणून इथे उतरवतो. बटण दाबल्यावर मदरबोर्ड काय काय करतो, ते ओळीने:

प्लग लावल्याबरोबर, बटण दाबायच्याही आधी, एसएमपीएसच्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट येतात. बोर्डाचा थोडासा भाग त्यावर जागा राहतो. बटण एसएमपीएसला जोडलेलं नसतं, बोर्डाला असतं. ते दाबलं की बोर्ड हिरवी वायर शून्यावर ओढतो. मग एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सोडतो आणि सगळं ठीक असल्याची खूण करड्या वायरवर देतो. बोर्ड १२ व्होल्टचे सव्वा व्होल्टच्या आसपास करून प्रोसेसरला देतो. त्यानंतरच प्रोसेसरचा रिसेट (त्याला थांबवून धरणारी खूण) सुटतो. प्रोसेसर बायोसच्या (सुरुवातीचा प्रोग्राम साठवलेल्या) चिपमधून पहिली आज्ञा वाचतो, रॅम तपासतो, आणि पडद्यावर काहीतरी दिसतं.

मामांनी विचारलं, "मंग सर, ह्यातलं कोण कुठं अडकलंय ते कसं कळणार?" हाच प्रश्न होता. फळ्यावर प्रत्येक पायरीपुढे मोकळी जागा ठेवली आणि जो संगणक जिथे थांबेल तिथे त्याचा आकडा लिहायचा असं ठरलं. 'बोर्ड गेला' म्हटल्याने काहीच कळत नाही. या साखळीतली कुठली कडी तुटली तेवढंच शोधायचं आहे.

८ मे

एसएमपीएस तपासले. बोर्डापासून २४ पिनांचा प्लग सोडवून हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली की एसएमपीएस सुरू होतो. पाच टक्के कमी-जास्त चालतं: १२ च्या वायरवर ११.४ ते १२.६, ५ च्या वायरवर ४.७५ ते ५.२५.

क्र. १ पूर्ण बंद. ती पालच आडवी आली होती. बाकी नऊ पास. खुशीत फळ्यावर नऊ बरोबरच्या खुणा केल्या, त्यातली एक चूक निघाली. पुढे येईलच.

एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. मेलेला एसएमपीएस बदलायचा, दुरुस्त करायचा नाही. नवा ७५० रुपयांना मिळाला.

९ मे

आजपासून बोर्ड डब्याबाहेर काढून बाकावर, जाड पुठ्ठ्यावर. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस, एवढंच. हार्ड डिस्क नको, काही नको. सुरू करायला बटणाच्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडायच्या.

क्र. ७ पहिल्याच झटक्यात सुरू! पडद्यावर अक्षरं आली. मामा दारातून पळत आले. पण डब्यात बसवला की पुन्हा मुका. तीन वेळा काढला, तीन वेळा घातला. बाहेर चालतो, आत चालत नाही.

शेवटी बोर्डाखालचा पत्रा नीट बघितला. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यांतली एक जास्तीची होती. त्या जागी बोर्डाला भोकच नव्हतं. खुंटीचं डोकं बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टोकांना टेकून शॉर्ट होत होतं. खुंटी पक्कडीने काढली आणि क्र. ७ चालू झाला. खर्च शून्य, वेळ साडेतीन तास. 'बाहेर चालतो, आत नाही' असं दिसलं की आधी खुंट्या मोजा, मग बोर्डाची भोकं मोजा.

१० मे

बहुतेक डब्यांना छोटा स्पीकरच नव्हता. वीस-वीस रुपयांचे दोन बझर आणले. या सगळ्या खर्चात एवढं स्वस्त आणि एवढं उपयोगी दुसरं काही नव्हतं.

परीक्षा अशी: रॅम पूर्ण काढून टाका आणि बोर्ड सुरू करा. बोर्ड ओरडला तर प्रोसेसर चालतोय, बायोस वाचला जातोय, चिपसेट जागा आहे. म्हणजे साखळीतल्या शेवटच्या दोन-तीन कड्या सोडून सगळं ठीक.

क्र. ५ लांब लांब ओरडला. "सर, हे तर वरडायलंय!" मामा म्हणाले. दोन वर्षं मेलेला समजलेला बोर्ड. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या, उंदराने घाण केलेली खाच अल्कोहोलने दोनदा धुतली. रॅम घालताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या पाहिजेत, नाहीतर ती अर्धवट बसलेली असते. चालू झाला.

क्र. ४ पण ओरडला, पण रॅम घातल्यावर दहा-बारा सेकंदांत बंद पडायचा. रॅम बदलून बघितली, खाच बदलली, पंखा काढून नवी थर्मल पेस्ट लावली. काही उपयोग नाही. रॅमवरच संशय धरून आजचा आणि पुढचा, दोन्ही दिवस त्यात गेले.

१२ मे

क्र. ४ चा उलगडा झाला. बोर्ड चालू असतानाच पिवळ्या वायरवर मल्टिमीटर धरला. रिकामा असताना ११.९ दाखवणारा एसएमपीएस भार पडताच १०.६ वर घसरायचा. ८ तारखेला मी भाराविना तपासून त्याला पास केलं होतं. बोअर चालू करून रिकाम्या पाइपातून पाणी येतंय म्हणून शेत भिजेल असं धरून चालण्यासारखं ते झालं. आता नियम केला: एसएमपीएस बोर्डाला जोडून, चालू स्थितीतच मोजायचा. आणखी ७५० रुपये गेले, पण क्र. ४ व्यवस्थित.

क्र. ८ चा जांभळा ५ व्होल्ट ठीक, बटणाला मात्र काहीच दाद नाही. बॅटरीजवळच्या तीन पिनांवरची निळी टोपी चुकीच्या जोडीवर होती. बायोसने लक्षात ठेवलेली सेटिंग पुसायची ती जागा. कुणीतरी कधीतरी पुसलं आणि टोपी परत आपल्या जागी ठेवली नाही. टोपी एक घर सरकवली आणि संगणक चालू.

सगळ्या बोर्डांच्या गोल बॅटऱ्या मोजल्या. सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी. नवी ३ व्होल्टच्या वर दाखवते. आमच्या दहांतली एकही २.५ च्या वर नव्हती. बोर्डावरचं घड्याळ याच बॅटरीवर चालतं. ती उतरली की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची निम्मी पानं 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी 'नेट बंद आहे' अशी तक्रार मुलं करायची, ती बहुधा यामुळेच असावी. दहा बॅटऱ्या ३५० रुपये.

१४ मे

आज बोर्डाला हातच लावला नाही, तरी हा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

क्र. ७ चालू असताना मामांचा हात डब्याला लागला आणि त्यांना झिणझिण्या आल्या. अनवाणी होते. मोजलं: डब्याचा पत्रा ते खिडकीचा गज, १०५ व्होल्ट. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंधळ गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांचा मधला सांधा डब्याच्या पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग असलं तर ती गळती जमिनीत जाते. नसलं तर डबा २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. अशा दोन संगणकांमध्ये वायर लावली की तो फरक पोर्टातून वाट काढतो.

म्हणजे बोर्ड दुरुस्त करून याच भिंतीला लावले असते तर पुन्हा तोच कार्यक्रम.

वायरमनला बोलावलं. लॅबच्या मागचा अर्थिंगचा खड्डा उघडला तर वायर गंजून तुटलेली, आणि भोवतीची काळी जमीन हातभर भेगाळलेली. "भुईच सुकलीया सर. ह्या खड्ड्यात कुणी कधी पाणी टाकलं का?" आपल्या काळ्या मातीचा हा गुण शेतकऱ्याच्या घरात वाढूनही माझ्या लक्षात आला नव्हता. पावसाळ्यात ती फुगून पाइपाला घट्ट धरते, उन्हाळ्यात आकसते आणि पाइप मोकळा सोडते. ओल नाही, स्पर्श नाही, मग वीज जाणार कुठे?

नवा जीआय पाइप, कोळसा, मीठ, नवी पट्टी, मजुरी मिळून ३,९०० रुपये. हे संयुक्त शाळा अनुदानातून झालं. संध्याकाळी त्याच पत्र्यावर मल्टिमीटरने ०.८ व्होल्ट दाखवला. दर शनिवारी खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकायचं काम मामांनी स्वतःहून अंगावर घेतलं.

तुमच्याकडे एकच काम होणार असेल तर हे करा. मल्टिमीटर मला ४५० रुपयांना मिळाला. अर्थिंगमध्ये फेजची वायर घालून बल्ब लावून बघण्याचं काम मात्र वायरमनवरच सोडा.

१७ मे

क्र. १, ३ आणि ६. तिघांची लक्षणं एकच: पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. प्रोसेसरच्या बाजूच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली, दोघांतून तपकिरी चीक आलेला. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं, नखाने चाचपूनही फरक कळतो.

हे कपॅसिटर एवढे महत्त्वाचे का, ते आकड्यांत सांगतो. ई५७०० प्रोसेसरची मर्यादा ६५ वॅट, व्होल्टेज सव्वाच्या घरात. भागाकार केला तर ५० अँपिअरच्या वर प्रवाह येतो. घरच्या शेगडीच्या कितीतरी पट. आणि प्रोसेसरची मागणी क्षणाक्षणाला बदलते. बोअरचं पाणी झटक्याझटक्याने येतं, म्हणून आपण ते हौदात घेतो आणि ठिबकला हौदातून सोडतो. हे कपॅसिटर म्हणजे तो हौद. हौद फुटला की ठिबकला पाणी कधी येतं, कधी नाही.

गावातल्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानातून त्याच आकड्यांचे १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचे कपॅसिटर १२० रुपयांत आणले. उद्या लावतो.

१९ मे

वाईट दिवस.

क्र. ६ पासून सुरुवात केली. माझ्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग होतं. कपॅसिटरचा एक पाय आतल्या तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला असतो, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. कथिल वितळेना. मी दाब वाढवला, कपॅसिटर हलवत राहिलो, शेवटी ओढला. भोकातली तांब्याची नळी आणि वरचा गोल दोन्ही उपटून आले. बोर्ड एकावर एक थरांचा असतो. ती नळी आतल्या थरांना जोडणारी होती, आणि आतल्या थरापर्यंत माझा हात पोचणार नाही. दोन ठिकाणी वरून तार लावून बघितली, पंखाही फिरला नाही.

क्र. ६ माझ्या हातून गेला. तो वाचला असता, याचं फार वाईट वाटलं. घरी आलो तरी जेवताना तेच डोक्यात.

२० मे

६० वॅटचं सोल्डरिंग, चांगलं ६३/३७ (६३ भाग कथिल, ३७ भाग शिसं) कथिल, फ्लक्स, तांब्याची वेणी आणि सकर मिळून ७८० रुपये. काल काय चुकलं ते समजलं. या बोर्डांवर शिसं नसलेलं कथिल आहे, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. शिसंवालं ६३/३७ हे १८३ ला. जुन्या सांध्यावर आधी आपलं शिसंवालं कथिल थोडं भरायचं. दोन्ही मिसळली की सांधा कमी तापमानाला सैल होतो. त्याआधी सगळा बोर्ड मागून केस वाळवायच्या मशीनने हाताला गरम लागेल इतका तापवायचा. ओढायचं नाही. एक पाय तापवून किंचित कलवायचा, मग दुसरा, असं डोलवत डोलवत बाहेर काढायचं.

मेलेल्या क्र. ६ वर आठ कपॅसिटर काढायचा सराव केला. सहाव्यापासून हात बसला.

मग क्र. ३ चे पाच बदलले. काढण्याआधी कागदावर नकाशा काढला, पट्टीची बाजू कुठे ते लिहिलं. बोर्डावर छापलेल्या अर्ध्या रंगीत वर्तुळावर विसंबू नका. काही कंपन्या रंगीत बाजू ऋण मानतात, काही उलट. जुना कसा बसला होता तेच खरं. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो.

क्र. ३ चालू झाला. चाळीस मिनिटांनी थिजला. परत चालू केला, अर्ध्या तासात पुन्हा तेच.

२४ मे

क्र. ३ चं कारण सापडलं. दुकानातून आणलेले कपॅसिटर ८५ अंशांचे, साधे. बोर्डाला लागतात १०५ अंशांचे आणि 'लो ईएसआर' जातीचे, म्हणजे ज्यांचा आतला रोध फार कमी असतो. आकडे तेच, व्होल्ट तेच, पण आत उष्णता धरतात आणि हौद वेळेवर भरत-रिकामा होत नाही. हात लावला तर चटका बसत होता.

आमच्या इकडे ते मिळेनात. सहकारी शिक्षकांना दवाखान्याच्या कामाने हैदराबादला जायचं होतं. उदगीरहून रेल्वेने गेले आणि कोठीच्या गुजराती गल्लीतून बारा-बारा रुपयांना चाळीस नग घेऊन आले. त्यांना जुना कपॅसिटर बरोबर दिला होता. ते बरं झालं, कारण व्यासही जुळावा लागतो. प्रोसेसरच्या पंख्याखाली १० मिलिमीटरचा बसत नाही, ८ चाच बसतो.

क्र. ३ ला पुन्हा पाच, क्र. १ ला सात. दोन्ही सकाळपासून अकरापर्यंत चालू ठेवले. थिजले नाहीत.

२७ मे

क्र. १० बघायला आठवीतली एक मुलगी आली होती, मामांची पुतणी. एच६१ बोर्डाला प्रोसेसर काढला की खाली १,१५५ बारीक पिना असतात, वाकड्या स्प्रिंगसारख्या. मी भिंगातून बघूनही सगळं ठीक म्हणत होतो. ती म्हणाली, "सर, हितं तीन पिना आडव्या झाल्यात. तुमाला दिसंना गेल्यात का?" मोबाईल तिरका धरून फोटो मोठा केला तेव्हा मला दिसल्या. सरळ रांगेतल्या पिनांवर उजेड एकसारखा चमकतो, वाकड्या काळ्या दिसतात.

या बोर्डाची तक्रार म्हणजे एका खाचेतली रॅम दिसतच नव्हती. जी४१ मध्ये रॅमचा कारभार बोर्डावरच्या चिपकडे असतो. आय३-२१२० मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात आहे, आणि रॅमच्या तारा या पिनांतूनच जातात. म्हणून खाच दोषी वाटते आणि दुखणं पिनेत असतं.

शिवणाच्या सुईने, एकेक पिन केसभर हलवत, दीड तास. दोन पिना तिने सरळ केल्या, एक मी. दोन्ही खाचा दिसायला लागल्या.

३१ मे

क्र. ९: सगळे व्होल्ट ठीक, प्रोसेसर कोमट, पण रॅम काढूनही ओरडत नाही. साखळीत बायोसवर बोट गेलं. या बोर्डावर आठ पायांची ती चिप खाचेत बसवलेली होती, सोल्डर करायची गरज नाही. सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) ४०० रुपयांना मागवला होता, त्यात चिप वाचली. निम्मा भाग नुसता एफएफ, म्हणजे कोरा.

दोन गोष्टी लिहून ठेवतो. या काळ्या रंगाच्या प्रोग्रामरच्या सिग्नलच्या पायांवर ५ व्होल्ट येतात, चिप मात्र ३.३ ची. माझी चिप वाचली, पण मला हे आधी माहीत असतं तर दुरुस्ती करून मगच घातली असती. दुसरं: मी बोर्डाचं मॉडेल बघून कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल घेतली, लिहिली, तरी बोर्ड मुका. बोर्डाच्या कोपऱ्यात अगदी बारीक 'रिव्हिजन' (आवृत्तीचा आकडा) छापलेलं असतं. माझी फाइल दुसऱ्या रिव्हिजनची होती. बरोबर फाइल लिहून, परत वाचून, दोन्ही तंतोतंत जुळतात हे पडताळलं. मग बझरचा एकच छोटा आवाज. लॅपटॉपवरून लिहिताना मध्येच लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर असल्याने निभावलं.

३ जून

क्र. २ वर चार दिवस घालवले, आता थांबतो. प्लग लावल्या लावल्या, बटण न दाबताच, खालची साउथब्रिज चिप (यूएसबी वगैरे सांभाळणारी) बोट ठेववत नाही इतकी तापते. पुढच्या यूएसबीच्या तोंडातली पट्टी आत वाकून शॉर्ट झालेली सापडली. ती वायर सोडवली, तरी चिप तापतेच. चिपच्या खाली शेकडो कथिलाचे गोळे असतात, ती बदलायला वेगळं यंत्र लागतं. क्र. २ आणि ६ सुटे भाग काढायला ठेवले: पंखे, बॅटरीच्या खाचा, खुंट्या, रॅम.

या कारणाने बाकीच्या आठही डब्यांची पुढची यूएसबी तपासली. दोन ठिकाणी वाकलेल्या पट्ट्या निघाल्या. त्यांच्या वायरी बोर्डापासून सोडवून टाकल्या. मुलं आता मागचीच यूएसबी वापरतील.

९ जून

मृग लागला, काल पहिला सडा पडला. आठही संगणक लॅबमध्ये परत मांडले. पंख्यांच्या तोंडांवर डासांची जाळी लावली आणि कुंभारणीच्या माश्यांना वाव राहू नये म्हणून मोकळ्या भोकांवर पत्र्याचे तुकडे. जाळीने हवा अडते, म्हणून सहा तास चालवून प्रोसेसरचं तापमान बायोसमध्ये बघितलं. जाळीविना ५१ अंश, जाळीसकट ५५. चालेल, पण जाळी दर पंधरवड्याला झटकावी लागेल.

हिशेब: मल्टिमीटर ४५०, दोन एसएमपीएस १,५००, बॅटऱ्या ३५०, बझर ४०, अल्कोहोल-ब्रश-पेस्ट ४३०, सोल्डरिंगचं सामान ७८०, चुकीचे कपॅसिटर १२०, बरोबरचे ४८०, प्रोग्रामर ४००, अर्थिंग ३,९००. एकूण ८,४५० रुपये. अर्थिंग सोडून बाकीचे ४,५५० आम्ही तीन शिक्षकांनी घातले. दहापैकी बोर्ड खरंच खराब होता तो सहांचा: १, २, ३, ६, ९ आणि १०. त्यातले चार परत आले. बाकी चौघांत बोर्डाचा काही दोषच नव्हता.

१६ जून

शाळा भरली. फळ्यावरची साखळी पुसलेली नाही, मुलांनी वहीत उतरवून घेतली. क्र. ३ दुपारी एकदा आपोआप रिस्टार्ट झाला. बारा नंबरची एक डीपी (ट्रान्सफॉर्मर) त्याच वेळी ट्रिप झाली होती असं नंतर कळलं, पण खात्री नाही. उद्या त्याच्या पिवळ्या वायरवर तासभर मल्टिमीटर लावून बसणार आहे. मामांची पुतणी आकडे लिहून घ्यायला येते म्हणाली आहे.